तोंड नंतर, आधी पाठ बघा

मागच्या अंकात खिशातल्या घड्याळांचा ओझरता उल्लेख केला, तर पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न: याचे किती येतील? त्याचं उत्तर या सदरात मिळणार नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो, विकत नाही. उरलेल्या पत्रांतली काही घेतली आहेत.

प्रश्न : आजोबांचं खिशातलं घड्याळ कपाटात सापडलं. मागच्या झाकणाच्या आत इंग्रजीत '14 कॅरट' आणि खाली '20 वर्षांची गॅरंटी' असं उमटवलंय. हे सोनं आहे का? आणि वीस वर्षं तर कधीच उलटून गेली, त्याचं काय?

सोनं आहे, पण वरवर. याला 'गोल्ड फिल्ड' म्हणतात. पितळेच्या जाड पत्र्याला दोन्ही अंगांनी सोन्याचा पातळ पत्रा जोडायचा, रुळांखालून लाटायचा आणि त्यातून केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची डबी, घडवायची. मुलाम्यापेक्षा हा थर बराच जाड असतो. वीस वर्षांची हमी आहे ती या थराची. रोज खिशात वागवलं तरी तेवढी वर्षं खालचं पितळ उघडं पडणार नाही, असं केस करणाऱ्याने लिहून दिलंय. घड्याळ चालण्या-न चालण्याशी तिचा संबंध नाही.

भरीव सोन्याच्या केसवर कोणी वर्षं लिहीत नाही. तिथे झिजून झिजून खाली लागणार काय, तर सोनंच. त्यामुळे कॅरटच्या शेजारी वर्षांचा आकडा दिसला की समजून घ्यायचं. तरी शंका असेल तर भिंगातून तीन जागा बघा: साखळी अडकते ती कडी आतून, चावीच्या गुंडीखालची मान आणि झाकणाची धार. थर आधी तिथेच उडतो आणि खालचा लालसर-पिवळा रंग डोकावतो.

चांदीबाबतही एक सांगून ठेवतो. इंग्रजी केसवर चालणारा सिंह असेल तर ती 925 कसाची चांदी. स्विस केसवर 0.800 किंवा 0.935 असे आकडे असतात, 0.935 सोबत बरेचदा छोटी अस्वलं. पण 'सिल्व्हरॉइड', 'सिल्व्हराइन', 'जर्मन सिल्व्हर' यांत चांदी औषधालाही नाही. तांबं आणि निकेल, फार तर जस्त.

आणि सोनाराकडे नेण्याआधी मशीन कोणाला तरी दाखवा. भरीव सोन्याची केस वितळवायची आणि आतलं यंत्र डब्यात टाकायचं, हा उद्योग जगभर इतका झालाय की उत्तमोत्तम मशीनं बिनघराची पडून आहेत. मला त्याचा अजून राग येतो.

प्रश्न : काका, मी कॉलेजात शिकते. खिशातलं जुनं, चावी द्यायचं घड्याळ घ्यायचंय. ऑनलाइन शेकडो दिसतात आणि सगळ्यांचे फोटो सुंदर असतात. पहिलं घड्याळ निवडताना नेमकं काय बघू?

फोटो कशाचे सुंदर आहेत ते बघ. डायलचे ढीगभर, साखळीचे दोन-चार आणि मशीनचा एकही नाही, तर ते सोडून पुढचं घड्याळ बघ. ज्याच्याकडे दाखवण्यासारखं मशीन असतं तो ते दाखवल्याशिवाय राहत नाही.

विक्रेत्याकडून व्हिडिओ मागव. मागची झाकणं उघडी, घड्याळ चालू. आधी डायल खाली, मग डायल वर धरून. आत एक चक्र मागेपुढे झुलत असतं, ते बॅलन्स. त्याने मोकळेपणाने, भरपूर झोका घ्यायला हवा. डायल वर असताना ते स्पष्ट दिसलं नाही तरी टिकटिक दोन्ही वेळा सारखी ऐकू यायला हवी. एका अंगावर ठणठणीत आणि उलटं केलं की अंग चोरतं किंवा थांबतं, म्हणजे बॅलन्सच्या आसाचं एक टोक झिजलंय किंवा मोडलंय. त्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि सगळं चक्र त्यावर तोललेलं असतं. घड्याळ हातातून सुटलं की पहिला बळी त्याचाच. धक्का पोटात घेणारी स्प्रिंगची बैठक 1930 च्या दशकात रुळायला लागली, तोवर खिशातल्या घड्याळांचा जमाना सरत आला होता. म्हणून जुनं घड्याळ नेहमी गादीवर नाही तर जाड कापडावर धरून हाताळायचं.

'हलवलं की चालतं' असं लिहिलेलं घड्याळ बंद आहे असंच धर. 'चालू आहे' म्हणजेही फारसं काही नाही. तेल वाळलेलं घड्याळसुद्धा चालतं, फक्त ते चालता चालता स्वतःला खात असतं. 'शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं' हा प्रश्न विचार. उत्तर गोलमोल आलं तर सर्व्हिसिंगचा खर्च आपल्या डोक्यावर आहे असं मानूनच ठरव.

मग ज्वेल्स. हे दागिन्यातले खडे नव्हेत. चक्रांच्या आसाची टोकं ज्या भोकांत फिरतात ती कठीण दगडाची केली की घर्षण कमी होतं आणि धातूसारखी झिजत नाहीत. ही कल्पना 1704 पासूनची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृत्रिम माणिक करायची रीत आली आणि ज्वेल्सची किंमत नगण्य झाली, त्यामुळे '17 माणकं जडवलेलं' अशा जाहिरातीला भुलू नकोस. पण आकडा कामाचा आहे. सात ज्वेल्सचा हिशोब असा: बॅलन्सला चार, त्याला ढकलणाऱ्या पॅलेटच्या दोन दातांना दोन आणि तो धक्का झेलणारी खुंटी एक. पंधरा असतील तर पॅलेटचा आस, एस्केप चक्र (ज्याचे दात पॅलेट अडवतं आणि सोडतं ते) आणि त्यामागची दोन चक्रं, प्रत्येकी दोनप्रमाणे, ज्वेलवर आली. सतरामध्ये मधलं चक्रही आलं. पहिल्या घड्याळाला पंधरा किंवा सतरा पुष्कळ. एकवीस-तेवीसच्या मागे आत्ता लागू नकोस.

स्विस घड्याळात मागच्या झाकणाच्या आत धुळीचं आणखी एक झाकण असतं, त्यावर फ्रेंचमध्ये मजकूर कोरतात. तिथे ए-एन-सी-आर-ई अशी अक्षरं दिसली तर ते लिव्हरचं घड्याळ, म्हणजे मघाशी सांगितलेलं पॅलेट ज्यात असतं ते. ते घ्यायचं. सी-वाय-एल अशी सुरुवात असेल तर सिलिंडरचं. सिलिंडरची नाजूक, देखणी घड्याळं गठ्ठ्याने विकायला येतात. त्यांत एक पोकळ, अर्धी कापलेली नळी सतत घासत असते. ती झिजली की दुरुस्त करणारा सापडणं कठीण, आणि नवी असतानाही वेळेला ती लिव्हरपुढे टिकत नव्हती. त्या झाकणावर पदकंबिदकं कोरली असतील तर तो बहुतेक शोभेचा भाग.

आता एक जागा दाखवतो जी विक्रेता सहसा दाखवत नाही. मशीन केसमध्ये दोन छोट्या स्क्रूंनी अडकवलेलं असतं. त्या स्क्रूंची डोकी केसच्या आतल्या कडेवर दाबून बसतात आणि तिथे अर्धचंद्राकृती चरा उमटतो. चरे स्क्रूखाली असतील तर ठीक. पण भलत्याच जागी जुने चरे दिसले, तर या केसमध्ये पूर्वी दुसरं मशीन नांदत होतं. अमेरिकन घड्याळांत हे मोठं पाप नाही, कारण तिथे गिऱ्हाईक मशीन वेगळं आणि केस वेगळी पसंत करून दुकानात जोडून घ्यायचं. त्यामुळे त्यांच्या केसवरचा नंबर मशीनच्या नंबरशी जुळत नाही, जुळायचं कारणही नाही. सालाचा अंदाज मशीनवरच्या नंबरावरून काढायचा. फक्त 'अगदी मूळ अवस्थेत' म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर हे चरे त्याला दाखव.

मागच्या झाकणाच्या आतून तिरपा उजेड पाडला की सुईने ओरखडलेली बारीक अक्षरं दिसतात: एखादी तारीख, एखादी खूण, एखादा आकडा. ज्या ज्या घड्याळजीने ते उघडलं त्याने आपल्यापुरती ठेवलेली नोंद. काही जण ती पॉलिश करून घालवतात. मला तर शंभर वर्षांच्या झाकणात एकही ओरखडा नसला की संशय येतो.

लांब काय राहायचं तेही सांगतो. डायलवर आगगाडीचं इंजिन रंगवलेलं घड्याळ रेल्वेचं असतंच असं नाही. बहुतेक नसतंच, स्वस्त माल रेल्वेच्या नावावर खपवायची ती जुनी युक्ती आहे. काळपट कांस्य रंगाची, नक्षीदार, 'अँटिक' म्हणून विकली जाणारी घड्याळं आत क्वार्ट्झची निघतात. डायलवर मोठ्या कंपनीचं नाव आणि मशीनवर काहीच नाही, तर नावाचे पैसे देऊ नकोस. किल्लीने चावी द्यायची जुनी इंग्रजी फ्युझीची घड्याळं मला प्राणप्रिय आहेत. त्यांत शंकूला गुंडाळलेली साखळी असते, सायकलच्या साखळीसारखीच पण शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती तुटली की मात्र तू आणि तुझा घड्याळजी दोघंही रडाल. दुसरं किंवा तिसरं घड्याळ म्हणून घे.

मग घ्यायचं काय? वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकन कंपन्यांचं साधं, निकेलच्या केसमधलं, 16 किंवा 12 साइजचं, लिव्हरचं. 16 साइज म्हणजे मशीनचा व्यास सुमारे 43 मिलिमीटर, 12 साइज म्हणजे चाळीसच्या किंचित आत. ही लाखोंनी बनली, त्यामुळे मोडक्या भावंडांतून सुटे भाग अजून मिळतात. इनॅमलच्या डायलवर डोक्याच्या केसासारखी बारीक चीर असेल तर भाव पाडून माग आणि खुशाल घे, चालण्याला त्याने काही होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे दोन घड्याळं आहेत. एकाची गुंडी बाराच्या डोक्यावर, दुसऱ्याला पुढून झाकण आणि गुंडी तीनच्या बाजूला. मित्र म्हणतो, दुसऱ्याचं मशीन आडवं बसवलंय.

मित्राला चहा पाजा, पण ऐकू नका. झाकणवाल्याला हंटर म्हणतात आणि त्याची गुंडी तीनजवळच असते. बिजागरी नऊला. उजव्या हातात धरून अंगठ्याने गुंडी दाबली की झाकण डावीकडे उघडतं आणि डायल सरळ दिसतो. उघड्या तोंडाच्या घड्याळात गुंडी बाराला, सेकंदाचा छोटा काटा तिच्या बरोब्बर खाली सहाला. गडबड तेव्हा, जेव्हा उघड्या तोंडाच्या केसमध्ये गुंडी तीनला दिसते. तिथे बहुधा हंटरचं मशीन दुसऱ्याच्या घरात घातलेलं असतं. चालतं व्यवस्थित, संग्राहक नाक मुरडतात.

हंटर बंद करताना खट्‌कन दाबून बंद करू नका. गुंडी दाबून धरा, झाकण टेकवा, मग गुंडी सोडा. खटका वर्षानुवर्षं घासून बोथट होतो आणि मग झाकण खिशात आपोआप उघडतं. सिनेमात खट्‌कन मिटतात ती घड्याळं नटांच्या मालकीची नसतात.

प्रश्न : नुकतंच घेतलेलं अमेरिकन घड्याळ चावी छान घेतं, पण गुंडी ओढून काटे फिरत नाहीत. जोर लावू का?

अजिबात नको. ते लिव्हर-सेट असणार, म्हणजे काटे लावायला त्यात वेगळी लिव्हर असते. (मघाचं 'लिव्हरचं घड्याळ' निराळं.) पुढच्या काचेची कडा आट्यांची असेल तर डावीकडे फिरवून काढा. डायलच्या काठाशी, उघड्या तोंडाच्या घड्याळात बहुतेक एक-दोनच्या आकड्याजवळ, धातूची एक बारीक जीभ दिसेल. नखाने बाहेर ओढा, गुंडीने काटे लावा, जीभ आत सारा, काच बसवा. जीभ आत न सारता काच बसवायला गेलात तर डायल फुटेल.

एवढा खटाटोप मुद्दाम आहे. एप्रिल 1891 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं थांबून पुन्हा सुरू झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता, असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल नावाच्या क्लीव्हलंडच्या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि पुढे नियम घट्ट होत गेले. तोंड उघडं, गुंडी बाराला, आकडे ठळक, किमान 17 ज्वेल्स, पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि थंडी-उष्म्यात जुळवलेलं, आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही, आणि काटे लिव्हरनेच लावायचे. चावी देताना गुंडी चुकून ओढली जाऊन काटे सरकायला नकोत, म्हणून. तेव्हा तुमच्या हातात चांगली वस्तू आली असेल. मशीनवर 'ॲडजस्टेड' आणि पुढे किती पोझिशन ते कोरलंय का बघा.

प्रश्न : चावी जास्त बसली म्हणून घड्याळ अडकलंय, असं दुकानदार म्हणतो. आता काय?

चावी जास्त बसत नाही. चावी पूर्ण बसते आणि मग गुंडी पुढे जात नाही, तिथे थांबायचं, झालं. पूर्ण चावी असून घड्याळ बंद, याचा अर्थ स्प्रिंगमध्ये जोर आहे पण तो बॅलन्सपर्यंत पोचत नाही. वाटेत तेलाचा डिंक झालाय, कचरा आहे किंवा एखादं टोक मोडलंय. खोलून साफसफाई, तेल, एवढंच. फक्त भरलेल्या चावीनिशी कोणालाही ते खोलू देऊ नका. आधी क्लिक नावाची खिट्टी धरून स्प्रिंग हळूहळू सैल करायची असते. न करता चक्रं वरून धरून ठेवणारा पूल काढला तर चक्रं एकदम सुटून फिरतात आणि दात जातात.

रोज वापरत असाल तर सकाळी चावी द्या, एकाच वेळेला. दिवसभर हिंदकळताना स्प्रिंग भरलेली असली की वेळ स्थिर राहते. आणि चार-पाच वर्षांनी तेलपाणी.

प्रश्न : मी जाकीट घालत नाही. शर्ट-पँटवर खिशातलं घड्याळ वापरता येईल का? आणि दिवसा नीट चालणारं घड्याळ रात्री टेबलावर ठेवलं की सकाळी पुढे गेलेलं असतं.

जाकिटाच्या काजात साखळीची आडवी दांडी अडकवायची आणि घड्याळ खिशात, ही जुनी पद्धत. त्या साखळीला अल्बर्ट म्हणतात. कोट असेल तर कॉलरच्या काजात दांडी आणि घड्याळ वरच्या खिशात. नुसती पँट असेल तर पट्ट्याला अडकवायची साखळी घ्या. जीन्सच्या उजव्या खिशात जो छोटा खिसा शिवलेला असतो तो मुळात घड्याळासाठीच, त्यात 12 साइजचं बसतं, मोठं बसलं तरी वाकताना पोटाला टोचतं. शर्टाच्या खिशात साखळीशिवाय ठेवू नका. वाकलात की गेलं. काच अंगाकडे ठेवा, म्हणजे टेबलाची कड लागली तरी पाठीवर निभावतं. त्या खिशात नाणी, किल्ल्या नकोत आणि फोन तर नकोच. फोनमध्ये आणि त्याच्या कव्हरमध्ये चुंबक असतात. बॅलन्सवरच्या बारीक पोलादी स्प्रिंगला, म्हणजे हेअरस्प्रिंगला, चुंबकत्व लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे पळतं. होकायंत्र जवळ धरून सुई हलते का बघा. चुंबकत्व काढायला दोन मिनिटं पुरतात.

रात्रीचा फरक मात्र चुंबकाचा नसावा. खिशात घड्याळ दिवसभर गुंडी वर करून उभं असतं, टेबलावर आडवं झोपतं. आडवं असताना बॅलन्सच्या आसाचं एकच टोक बुडावर टेकतं, उभं असताना दोन्ही टोकं बाजूंनी घासतात. झोका बदलतो, वेळ बदलते. रात्रीही उभंच ठेवा. पण खिळ्याला मोकळं टांगू नका. आतल्या बॅलन्सच्या लयीत अख्खं घड्याळ झुलायला लागतं, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं, आणि वेळ पार बिघडते. मागून टेकू देणारा स्टँड घ्या, किंवा पेल्यात कापड घालून त्यात उभं करा.

प्रश्न : काच पिवळी पडलीय आणि आतले काटे गंजलेत. पाणी तर कधी गेलं नाही.

ती काच नव्हे, सेल्युलॉइड नावाचं जुन्या काळचं प्लास्टिक. जुनं झालं की त्यातून आम्ल वाफा सुटतात आणि पहिले काटे खातात. आजच काढा, खऱ्या काचेची बसवा. जुनी काढलेली घड्याळाबरोबर एकाच डबीत ठेवू नका.

प्रश्न : डायलवरचे आकडे अंधारात चमकायचे, आता चमकत नाहीत. तो रंग काढून नवा भरून मिळेल का?

साधारण पहिल्या महायुद्धापासून 1960 च्या दशकापर्यंत असा रंग बहुधा रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा असे. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नव्हे. चमकणारा जस्ताचा भाग थकतो; रेडियम अर्धं व्हायलाच 1,600 वर्षं लागतात. काच बंद असेपर्यंत घड्याळ कपाटात राहू द्या, अंगावर रोज बाळगू नका. रंगाची भुकटी श्वासात किंवा पोटात जाणं हा खरा धोका आहे, म्हणून काच उघडून खरवडू नका, फुंकर मारू नका, मुलांच्या हाती देऊ नका. दुरुस्तीला द्याल तेव्हा डायलवर रेडियम आहे हे उघडण्याआधी सांगा. मशीन दुरुस्त करून मिळेल. रंग भरून द्यायला मी तरी हात लावणार नाही.